एका गोळीचा आवाज

माझ्या डाव्या बाजूला बसून कोणी बोलू लागलं की मी खुर्ची फिरवतो. ज्यांना ठाऊक आहे ते आपणहून उजवीकडे येतात. ज्यांना ठाऊक नाही ते विचारतात, आणि मी कारण सांगितलं की हसतात. चेष्टा म्हणून नाही; त्यांना खरंच वाटतं की मी गंमत करतोय. "एका गोळीच्या आवाजानं कान गेला? पिक्चरमधी तं हीरो बंद खोलीत शंभर गोळ्या मारते अन् मंग गाणं म्हणते." हे वाक्य मी किराणा दुकानदाराकडून ऐकलं, सोयऱ्यांकडून ऐकलं, माझ्याच खात्यातल्या एका अधिकाऱ्याकडून ऐकलं. आता ते सुरू झालं की पुढचं मला पाठ आहे. मला त्याचा राग येतो. हे लिहितोय तेही रागातच.

मी तेहतीस वर्षं पोलिसात काढली. राहणं अकोल्याला, मूळ गाव मूर्तिजापूरजवळचं. शेवटची काही वर्षं माझी ड्यूटी शस्त्रागारात होती, आम्ही त्याला कोत म्हणतो. जिल्हा कोणता ते लिहीत नाही. तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. काम असं, की बंदोबस्ताला निघालेल्या शिपायाला रायफल किंवा पिस्तूल तपासून द्यायचं, क्रमांक लिहायचा, गोळ्या मोजून द्यायच्या, सही घ्यायची. आणि तो परतला की एकेक वस्तू परत ताब्यात घ्यायची. गोळी झाडली असेल तर तिची रिकामी पुंगळीसुद्धा हजर करावी लागते. एकदा एका शिपायाच्या पट्ट्यातून एक काडतूस कुठंतरी पडलं. अख्ख्या तुकडीनं दुपारभर रस्ता चाळला. शेवटी ते गाडीच्या सीटखाली सापडलं तेव्हा तो शिपाई, दोन पोरांचा बाप, तिथंच खाली बसून रडला.

पडद्यावरचा पोलीस मात्र पिस्तूल पाठीमागं पँटीत खोचतो, टेबलावर भिरकावतो, आणि त्याचं बोट चोवीस तास घोड्यावर. कोणाला धमकावायचं असलं की पिस्तुलाचा वरचा भाग खट्कन मागं ओढतो. दोन वाक्यं बोलतो, पुन्हा ओढतो. त्या आवाजावर लोक शिट्ट्या मारतात. आता भरलेल्या पिस्तुलाचा वरचा भाग ओढला की मॅगझीनमधली गोळी वर येऊन नळीत बसते. दुसऱ्यांदा ओढला की ती गोळी बाहेर पडते आणि तिच्या जागी नवी येते. म्हणजे धमकी संपेपर्यंत त्या हीरोच्या पायाशी चार जिवंत गोळ्या लोळायला हव्यात. आमच्याकडे तो दुसऱ्या दिवशी निलंबित झाला असता. पण पडद्यावर खाली बघायला कोणाला वेळ आहे?

खरं सांगायचं तर हे सगळं मी तेव्हा हसण्यावारी नेत होतो. मीही तेच सिनेमे बघत वाढलो. भरती झालो तेव्हा चांदमारीला, म्हणजे गोळीबाराच्या सरावाला, आमचे उस्ताद ओरडायचे, "कानात कापूस घाला रे!" आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो. कापूस काय, आमच्या घरोघर गंज्या लागलेल्या असायच्या त्याच्या. पण कानात बोळे घालून बंदूक चालवणारा मर्द आम्ही कुठं पाहिला नव्हता.

ते घडलं मे महिन्यात. तीन दिवसांचा बंदोबस्त संपवून एक तुकडी भर दुपारी परत आली. नियम असा, की कोतच्या बाहेर वाळूची पेटी असते, तिच्याकडे नळी करून प्रत्येकानं शस्त्र रिकामं करायचं आणि मगच आत यायचं. पण त्या उन्हात लोखंडाला हात लागत नव्हता. पोरं आत कूलरच्या वाऱ्याला घुसली. मी त्यांना बाहेर हाकलायला हवं होतं. "एकेक जण या," एवढंच म्हणालो आणि रजिस्टर उघडलं. माझी चूक तेवढी, ती मी कधी नाकारली नाही.

माझ्या डाव्या हाताला एक तरुण शिपाई उभा होता. नोकरीला दोन वर्षं झालेली, अमरावतीकडचा, स्वभावानं गरीब. त्यानं पिस्तुलाचा वरचा भाग ओढला, एक गोळी टप्पकन टेबलावर पडली. मग त्यानं मॅगझीन काढलं, नळी भिंतीकडे केली आणि घोडा दाबला. पिस्तूल रिकामं झालं असं त्याला वाटत होतं. आधी मॅगझीन काढायचं आणि मग ओढायचं, हा क्रम. त्यानं उलटं केलं. पहिली गोळी पडली आणि दुसरी गुपचूप आत जाऊन बसली.

आवाज झाला असं मला म्हणताच येत नाही. कानशिलावर कोणी फावडं मारावं तसं झालं, आणि त्यानंतर आवाज नव्हतेच. कूलरचं पातं फिरताना दिसत होतं. पोरांची तोंडं हलत होती. भिंतीचा पोपडा उडून रजिस्टरवर पडला होता आणि मी का कोण जाणे, तो हातानं झाडत बसलो होतो. थोड्या वेळानं उजव्या कानात, लांबून, विहिरीतून यावेत तसे शब्द आले. डाव्या कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली.

तो पोरगा पांढराफटक पडला होता.

"तुले हे असं कोणं शिकवलं?" मी ओरडलो. फारच जोरात ओरडलो म्हणे; मला कळलं नाही.

"पहिले ओढलं ना जी मी," तो पुन्हा पुन्हा एवढंच सांगत होता. "पाह्यलं ना तुमी, ओढलं मी."

शिकवणाऱ्यानं त्याला बरोबरच शिकवलं होतं. पण प्रशिक्षणात त्याच्या हातात पिस्तूल आलं असेल पाचसहा वेळा. पडद्यावर ते ओढताना त्यानं लहानपणापासून रोज पाहिलं होतं. हात घाबरला की जे जास्त पाहिलं तेच करतो.

गोळी भिंतीत गेली. संध्याकाळपर्यंत अहवाल लिहून झाला. त्यात शेवटचं वाक्य होतं: सुदैवाने कोणासही इजा नाही. त्याखाली साक्षीदार म्हणून माझीच सही आहे.

घरी गेलो. बायको अंगणवाडीत काम करते. तिचा आवाज तीसपस्तीस पोरांना दटावून तयार झालेला, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा. मी जेवायला बसलो होतो आणि ती स्वयंपाकघरातून येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"कधीची आवाज देऊन राहिली मी. पोळी पाहिजे का नाही?"

"कानात थोडं भरल्यासारखं झालं. उतरेल उद्या," मी म्हणालो.

उद्या उतरलं नाही. परवाही नाही. मी नऊ दिवस थांबलो, कारण एका गोळीनं काही होत नसतं हे मलाही ठाऊक होतं. कुठून ठाऊक होतं? जिथून सगळ्यांना ठाऊक असतं तिथूनच. शेवटी बायकोनं हाताला धरून अमरावतीला एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. बंद पेटीसारख्या खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून त्यांनी तपासणी केली. कागदावर दोन रेषा काढल्या होत्या. उजव्या कानाची सपाट, डाव्याची मध्येच दरीत कोसळलेली.

"आतल्या केसांसारख्या पेशी मेल्यात," डॉक्टर म्हणाले. "त्या परत येत नाहीत. पहिल्या दोनचार दिवसांत आला असतात तर औषधं देऊन पाहिली असती. उशीर का केला?"

बायको माझ्याकडे बघत राहिली. परतीच्या बसमध्ये ती मुद्दाम माझ्या उजव्या बाजूला बसली.

डॉक्टरांचा कागद घेऊन मी अर्ज केला, की ड्यूटीवर कान गेला आहे, त्याची नोंद व्हावी. नोंद झाली असती तर पुढं हलकी ड्यूटी मिळाली असती, श्रवणयंत्र मिळालं असतं. माझ्या वरच्या अधिकाऱ्यानं बोलावलं. माणूस वाईट नव्हता. तरुण, शिकलेला, नीट बोलणारा.

"हवालदार, अहवालात इजा नाही असं आहे. सही तुमची आहे."

"साहेब, तेव्हा मला तरी कुठं कळलं होतं?"

त्यांनी कागद उलटसुलट केला. मग हसून म्हणाले, "पण एका राउंडनं? मी परवाच एक सीरिज बघितली. लिफ्टमध्ये गोळीबार, आणि बाहेर येऊन सगळे फोनवर बोलतायत."

मी सॅल्यूट करून उभा होतो. खात्याचा माणूस, कमरेला पिस्तूल लावणारा माणूस, मला पुरावा म्हणून सीरिज सांगत होता. रेंजवर त्यानं स्वतः कानावर हेडफोनसारखी जाड टोपणं लावून गोळ्या झाडल्या होत्या, मी पाहिलं होतं. पण तेव्हा त्याला ते आठवलं नाही. त्याला लिफ्ट आठवली.

अर्ज पुढं गेला, आणि पुढं गेल्यावर त्याला दुसरीच शेपूट फुटली. इजा झाली असं ठरलं तर ती कोणीतरी केली असं ठरतं. मग त्या तरुण शिपायावर निष्काळजीपणाचा गुन्हा. नुसत्या ताशेऱ्यावर भागलं होतं त्याचं, आता नोकरीच जायची वेळ.

एका रविवारी सकाळी तो माझ्या घरी आला. बैठकीत खुर्चीवर बसला, तो नेमका माझ्या डाव्या अंगाला. मी पेपरची घडी करत होतो. थोड्या वेळानं मान वर केली तर तो हात जोडून बसलेला आणि डोळ्यात पाणी. बायको दारातून म्हणाली, "अहो, तो कधीचा बोलून राहिला तुमच्याशी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणापर्यंत त्यालाही माझ्या कानाचं खरं वाटलं नव्हतं. तो उठला, उजवीकडे येऊन खाली जमिनीवर बसला.

"काका, मी अर्ज मागं घ्या म्हणायले आलतो," तो म्हणाला. "नका घेऊ. मीच लिहून देतो, जे झालं ते."

"लिहून देशील अन् खाशील काय?"

"पाहू काहीतरी."

मी त्याला चहा पाजला आणि काहीही लिहू नकोस म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी अर्ज मागं घेतला. बायको आठ दिवस भडकलेली होती. "कान तुमचा गेला, अन् दया त्याची? कागदावर काय रायलं? काहीच झालं नाही, हेच ना?" तिचं बरोबर होतं. मी उदारपणे माफ केलं असं कोणी समजू नये. मला त्याचा राग येईनासा झाला होता, एवढंच. पण बाकी सगळ्यांचा वाढला होता, आणि तो काढायला जागा नव्हती.

त्याच हिवाळ्यात परतवाड्याहून माझ्या साळ्याचा फोन आला. त्याच्या दोन जीपा आहेत, मेळघाटात भाड्यानं चालवतो. मुंबईहून एका पोलिसी सीरिजचं युनिट आलं होतं आणि त्याच्या जीपा त्यांनी घेतल्या होत्या.

"भाऊजी, त्याईले पोलीस खात्यातला जाणता माणूस पाहिजे. वर्दी, बंदूक, सगळं बरोबर दाखवाचं म्हणते. मी तुमचं नाव सांगलं."

बरोबर दाखवायचं म्हणतात, या शब्दांवर मी दोन दिवसांची रजा टाकून गेलो. मनात हिशेब होता, की आपण हे एक तरी नीट करून घेऊ.

गावाबाहेरच्या एका रिकाम्या गोदामात शूटिंग होतं. दिग्दर्शक चाळिशीचा, मराठीच, अदबीनं वागणारा. त्यानं माझं ऐकून घेतलं. नायकाच्या शर्टावरची पट्टी चुकीची होती, ती बदलली. टोपी सरळ केली. बोट घोड्यावर नको, बाहेर सरळ ठेवा, असं मी नायकाला दाखवलं. त्यानंही बिचाऱ्यानं दोनतीनदा केलं. मला बरं वाटू लागलं. मग मुख्य प्रसंग आला. खोलीएवढी जागा, नायक आणि तिघं गुंड. नायक पाच गोळ्या झाडतो, दोघं पडतात, आणि तिसऱ्याच्या कानाशी जाऊन तो कुजबुजत्या आवाजात एक धमकी देतो.

शॉटच्या आधी एक मुलगी डबा घेऊन फिरली. डब्यात मऊ, नारिंगी रंगाचे बोळे होते. ती प्रत्येकाला दोनदोन देत होती: कॅमेरावाल्याला, लाइटवाल्याला, मेकअपच्या बाईला. मलाही दिले.

"हे काय?" मी विचारलं.

"इअरप्लग, काका. कानात घाला. नकली गोळी असली तरी बंद जागेत खूप मोठा आवाज होतो. कान खराब होतात."

मी त्या बोळ्यांकडे बघत राहिलो. नायकानं केस मागं सारून दोन्ही कानांत घातले. कॅमेऱ्यात दिसू नयेत म्हणून त्याचे त्वचेच्या रंगाचे होते. पडणाऱ्या गुंडांनीही घातले. मग गोळ्या उडाल्या, धूर झाला, आणि नायक तिसऱ्याच्या कानाशी वाकून कुजबुजला. तो तिसरा घाबरून मान हलवत होता. दोघांच्याही कानांत बोळे होते. दोघांनाही काही ऐकू येत नव्हतं.

शॉट संपल्यावर मी दिग्दर्शकाकडे गेलो. "साहेब, हे कुजबुजणं काढा. बंद खोलीत पाच गोळ्यांनंतर त्या दोघांनाही काही ऐकू येणार नाही. निदान कानावर हात तरी ठेवू द्या त्यांना."

तो हसला. "काका, हीरोला ऐकू आलं नाही तर डायलॉग कसा होणार? लोकांना हे असंच आवडतं."

"तुमाले माहीत आहे तं!" माझी शुद्ध मराठी संपली. "तुमच्या कानात बोळे आहेत. डबा घेऊन फिरून राहिले तुमी. माहीत नसतं तं मी म्हटलं असतं अडाणी आहे बिचारे. तुमी सोताचे कान वाचवता अन् लोकाइले खोटं दाखवता? माह्या कानाले पाहा. एका गोळीनं गेला हा. अन् माहा साहेब म्हणते, सीरिजमधी तं काही होत नाही!"

दिग्दर्शकाचा चेहरा उतरला. खोटं कशाला बोलू, त्याला वाईट वाटलं होतं. डबेवाली मुलगी माझ्याकडे बघत होती. मग पलीकडून कोणीतरी हिंदीत म्हणालं, उजेड जातोय. दिग्दर्शक म्हणाला, "काका, आपण यावर नंतर नक्की बोलू," आणि पुढच्या शॉटची तयारी सुरू झाली.

नंतर कोणी बोललं नाही. साळ्यानं मला स्टँडवर सोडलं. "भाऊजी, त्याईच्या तोंडावर एवढं बोलाचं कायले?" एवढंच तो म्हणाला. त्याच्या जीपा पुढं महिनाभर तिथंच लागल्या होत्या, तो तरी काय करणार?

सीरिज आली. मुलीनं फोनवर लावून दाखवली. शर्टावरची पट्टी बरोबर होती, टोपी सरळ होती. पाच गोळ्यांनंतर धमकी स्पष्ट ऐकू येत होती, माझ्या उजव्या कानालासुद्धा. शेवटच्या यादीत पोलीस विभागाच्या मार्गदर्शनाबद्दल आभार होते. म्हणजे लोकांना वाटणार, पोलिसाला विचारून केलं आहे, तर खरंच असणार. त्या दिवशी मला परतवाड्याला गेल्याचा जेवढा पश्चात्ताप झाला तेवढा अर्ज मागं घेतल्याचाही झाला नव्हता.

दीडेक वर्षानं आमच्या मुख्यालयात नवीन अधिकारी बाई आल्या. पहिल्याच पाहणीत त्या माझ्या डाव्या बाजूनं काही विचारत होत्या आणि मी उत्तर देत नव्हतो. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं, आणि सवयीनं हसण्याची वाट पाहिली. त्या हसल्या नाहीत. "माझाही उजवा कान सरावात थोडा गेलाय," त्या म्हणाल्या. "कोणाला सांगितलं नाही मी." पुढच्या चांदमारीच्या आधी कानात घालायच्या बोळ्यांचं एक खोकं आलं आणि वाटायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या कानाची नोंद मात्र झाली नाही. ती कधीच झाली नाही. श्रवणयंत्र मी माझं घेतलं. गर्दीत ते नुसतं खरखरतं, म्हणून बहुतेक वेळ खिशात असतं.

निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या चांदमारीला रांगेवर देखरेख माझी होती. नवीन भरतीची एक मुलगी रांगेत आडवी झाली होती, रायफल खांद्याला लावून. चांदूर बाजारकडची, शेतकऱ्याची पोर, नेम चांगला. बोळे तिनं वर्दीच्या खिशात ठेवले होते. मी तिला रांगेतून उठवलं.

"काहून नाही घातले?"

"मले आवाजाची भीती नाही वाटत, उस्ताद."

"भीतीचं कोणं विचारलं तुले? इकडं ये. या बाजूनं. माह्या ह्या कानात काहीतरी सांग. हळू."

ती गोंधळली. मग टाचा उंचावून माझ्या डाव्या कानाशी आली. तिचा श्वास लागला मानेला. मी समोरच्या टेकाडाकडे बघत उभा राहिलो. ती बाजूला झाली आणि माझ्या तोंडाकडे बघू लागली.

"सांगितलं?" मी विचारलं.

तिचा चेहरा बदलला. तिनं खिशातून बोळे काढले, बोटांनी दाबून दोन्ही कानांत घातले आणि जाऊन आडवी झाली. तिनं काय सांगितलं होतं ते मी विचारलं नाही. शिट्टी तोंडात धरली, रांगेतल्या प्रत्येकाचे कान एकदा वाकून पाहिले, दोघांना अजून उठवलं, आणि मगच गोळीबाराची परवानगी दिली.